एक्झुमात नांगर टाकून राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहामा देशातल्या एक्झुमा बेटांमध्ये आम्ही नवरा-बायको तीन हिवाळे आमच्या ३६ फुटी शिडाच्या बोटीवर राहिलो. डिसेंबरात फ्लोरिडाहून निघायचं, एप्रिलअखेर परतायचं. न्यू जर्सीच्या मराठी मंडळात असो की ठाण्याला माहेरी, भेटेल तो या दिवसांबद्दल विचारतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं बसून लिहिलं. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं जास्त खोलात गेले आहे.

क्रूझ म्हणजे ती हजारो माणसांची मोठी जहाजं ना?

नाही. आमच्यासारखे लोक स्वतःच्या छोट्या बोटीवर राहतात, तीच बोट घर. या प्रवासालाही क्रूझिंगच म्हणतात आणि असं फिरणाऱ्यांना क्रूझर. बोटी साधारण तीस ते पन्नास फुटांच्या, बोटीवर बहुधा दोनच माणसं. कधी लहान मुलं असलेलं कुटुंब. आणखी एक गैरसमज असतो की आम्ही सतत प्रवासात असतो. शीड वर असलेले दिवस थोडे. बाकीचे सगळे नांगर टाकून एका जागी काढलेले, आणि लोक विचारतात ते याच दिवसांबद्दल.

कमांडर दिलीप दोंदे यांनी केलं तसंच का हे?

अजिबात नाही. त्यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ते महासागरातलं काम आहे. आम्ही वाऱ्याचा अंदाज बघून एका बेटाच्या आडोशाहून दुसऱ्या बेटाच्या आडोशाला जाणारी माणसं. ‘म्हादेई’चं नाव निघालं की मला अभिमान वाटतो, तुलना मात्र करू नये.

एक्झुमा नेमकं आहे कुठे?

मायामीच्या आग्नेयेला. आधी गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह ओलांडून बिमिनी बेट गाठायचं, हे अंतर पन्नासेक सागरी मैल. गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे जोरात वाहतो, म्हणून उत्तरेचा वारा असेल तर निघायचं नाही. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. बिमिनीनंतर ग्रेट बहामा बँकेचा उथळ पट्टा, मग नॅसॉ ही राजधानी, आणि तिथून खाली एक्झुमाची माळ सुरू होते. छोटी-मोठी शेकडो बेटं, सुमारे १९० किलोमीटर लांबीत ओळीने पसरलेली. माळेच्या दक्षिण टोकाजवळ ग्रेट एक्झुमा बेटावर जॉर्ज टाउन हे गाव आणि त्यासमोर एलिझाबेथ हार्बर. कर्कवृत्त जातं ते लिटल एक्झुमाच्या किनाऱ्यावरून, जॉर्ज टाउनहून फार दूर नाही. म्हणजे अख्खा महाराष्ट्र याच्या दक्षिणेला आला! तरीही हिवाळ्यात तिथे रत्नागिरीसारखा घाम येत नाही, कारण पूर्वेचे व्यापारी वारे दिवसरात्र वाहत असतात.

पाणी खरंच फोटोत दिसतं तसं असतं. माळेच्या पश्चिमेला बँकेवर जेमतेम तीन-चार मीटर खोली आणि तळाला पांढरी चुनखडीची वाळू. पूर्वेला एक्झुमा साउंड, तिथे खोली एकदम हजार मीटरच्या पलीकडे जाते. मोठ्या नद्या नाहीत, त्यामुळे गाळ नाही. मी अलिबागच्या करड्या पाण्याकाठी वाढले. तळावर पडलेली आमच्याच नांगराची साखळी वरून कडी-कडीने दिसते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ कठड्याला टेकून नुसती खाली बघत होते.

नांगर टाकला की झालं, त्यात अवघड काय?

सगळं त्यातच आहे. इंजिन, शीड, रडार हे नंतरचं. रात्री झोप लागणार की नाही, हे नांगर ठरवतो.

आधी जागा. पाण्यात काळसर हिरवा डाग दिसला तर तिथे समुद्री गवत आहे. नांगराचं टोक त्यात अडकल्यासारखं वाटतं, पण मातीत शिरत नाही. फिकट निळा तुकडा म्हणजे वाळू, नांगर तिथेच टाकायचा. पोवळ्यांवर तर कधीच नाही, साखळी दोन रात्रींत शंभर वर्षांची वाढ मोडून काढते.

बोट वाऱ्याच्या तोंडावर आणून थांबवायची. नांगर फेकायचा नाही, सोडायचा. वारा बोटीला मागे ढकलतो तशी साखळी देत जायचं. किती द्यायची याचा हिशोब आहे: भरतीच्या वेळची खोली, त्यात पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतची (पुढच्या टोकापर्यंतची) उंची, आणि आलेल्या बेरजेची पाच ते सात पट. तीन मीटर पाणी आणि सव्वा मीटर नाळ असेल तर सातपटीने तीसेक मीटर साखळी. साखळी जितकी लांब तितकी नांगरावरची ओढ आडवी पडते आणि तो आणखी खोल रुततो. साखळी कमी दिली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटला जातो.

मग इंजिन मागच्या गिअरमध्ये टाकून ताण द्यायचा. हे काम माझ्याकडे असतं. मी नाळेवर बसून ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवते. नांगर घसरत असेल तर हाताला खरखर जाणवते, जात्यात खडा आल्यासारखी. रुतला की साखळी गप्प होते, तारेसारखी ताठ. तरीही शेवटी चष्मा लावून पाण्यात उडी मारायची आणि नांगर डोळ्यांनी बघून यायचं. एवढं स्वच्छ पाणी नशिबाने मिळालं आहे तर हा आळस करू नये.

रात्री डोलकाठीवर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावणं हा नियम आहे. आधी आलेल्या बोटीचा हक्क पहिला, हा संकेत आहे. तुमची बोट साखळीभोवती फिरून शेजाऱ्याला लागेल असं वाटलं, तर उशिरा आलेल्याने नांगर उचलायचा. कुरकुर न करता.

आणि नांगर घसरलाच तर?

आमचा घसरला आहे. दुसऱ्या हिवाळ्यातला फेब्रुवारी.

आधी वाऱ्याचं सांगते. एरवी वारा पूर्वेचा असतो आणि स्टॉकिंग आयलंड हे लांबट बेट एलिझाबेथ हार्बरला पूर्वेकडून आडोसा देतं. पण डिसेंबर ते मार्च अमेरिकेकडून थंड हवेचे पट्टे उतरतात. तेव्हा वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो: आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, मग पश्चिम, वायव्य, उत्तर आणि पुन्हा पूर्व. हे सगळं एक-दोन दिवसांत. पश्चिमेचा वारा आला की स्टॉकिंग आयलंडचा आडोसा उलटा होतो, कारण आता तेच खडक तुमच्या पाठीशी असतात. म्हणून जाणकार आदल्या दुपारीच नांगर उचलून गावाच्या बाजूला जातात.

त्या दुपारी बऱ्याच बोटी गेल्या. आम्ही राहिलो. अंदाज सौम्य होता आणि जागा सुंदर होती. नांगराचा एक भाग गवतात आहे हे मला माहीत होतं, कारण मीच पाण्यात उतरून बघितलं होतं.

रात्री दोनला भोंगा. एक, दोन, पाच वेळा. बाहेर आले तर पाऊस आडवा, वारा तीस नॉटच्या (ताशी पंचावन्न किलोमीटरच्या) घरात, आणि शेजारच्या बोटीवरून कुणीतरी मोठा टॉर्च आमच्या डोलकाठीवर धरलेला. मग तोच टॉर्च वळून आमच्यामागच्या खडकांवर गेला. आम्हाला किती अंतर उरलंय ते तो दाखवत होता. नवऱ्याने इंजिन चालू केलं, मी साखळी ओढायला लागले. तो शेजारी, नोव्हा स्कोशियाचा निवृत्त शाळामास्तर, तोपर्यंत डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, घेऊन त्या पावसात आमच्या बाजूला येऊन उभा होता. गरज पडली तर आमची बोट डिंगीने ढकलून धरावी म्हणून. तिसऱ्या प्रयत्नात नांगर धरला. पहाटेपर्यंत तिघंही आमच्या केबिनमध्ये बसून आलं घातलेला चहा पीत होतो.

सकाळी मी आभार मानले तर तो म्हणाला, मी तुमच्याकडे बघत होतो आणि कुणीतरी माझ्याकडे बघत असणार. नांगरवाड्यावरचं शेजारपण कशावर उभं आहे, ते मला त्या दिवशी कळलं. (‘नांगरवाडा’ हा आमचा घरातला शब्द. जिथे बोटी नांगरून असतात त्या जागेला मला तोच शोभतो.)

दिवसभर करता काय? कंटाळा येत नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे एक पूर्ण दिवस सांगते.

उजाडताच चहा घेऊन बाहेर बसायचं आणि शेजारच्या बोटी आपापल्या जागी आहेत ना ते बघायचं. आठ वाजता व्हीएचएफवर, म्हणजे बोटी-बोटींत बोलायच्या रेडिओवर, सकाळची सभा. रोज एक क्रूझर ती चालवतो. आधी विचारतात, कुणाला तातडीची अडचण आहे का. मग हवामान. मग गावातल्या घोषणा. मग आपापल्या गरजा: एकाला पाण्याच्या पंपाचा पट्टा हवाय, दुसऱ्याकडे जास्तीचा आहे. कुणाची डिंगी रात्री सुटून गेली, ती कुणाला तरी खडकाजवळ सापडली. शेवटी नवीन आलेल्यांनी बोटीचं नाव सांगायचं आणि निघणाऱ्यांनी निरोप घ्यायचा. चॅनल १६ मात्र गप्पांसाठी वापरायचा नाही, तो आणीबाणीचा आणि हाकेचा.

दुपारपर्यंत काम. बोटीवर काम संपत नाही. बोटीचा तळ घासायचा, शिडाची शिवण उसवली असेल तर घालायची, डिझेलचा फिल्टर बदलायचा. खाऱ्या हवेत सगळं गंजतं. हात मदतीला लागतात आणि ते मागावे लागत नाहीत. नवऱ्याला इलेक्ट्रिकचं कळतं, त्यामुळे त्याच्या सकाळी अर्ध्या दुसऱ्यांच्या बोटींवर जातात. आमचं शीड दोघी क्यूबेकच्या बायकांनी माझ्याबरोबर बसून शिवलं. त्या आपसात फ्रेंच बोलत होत्या आणि मी मनात मराठी. टाके सरळ आले.

दुपारी पोहणं, वाचन, झोप. चारच्या सुमाराला स्टॉकिंग आयलंडच्या वाळूवर माणसं जमतात. एक किनारा व्हॉलीबॉलच्या नावानेच ओळखला जातो. कॅज्युअरिनाच्या (आपल्या सुरूच्या) सावलीत कुणी डॉमिनो मांडतं, कुणी टोपल्या विणायला शिकवतं. १९८० च्या दशकापासून दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास क्रूझर मंडळींची रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींची जत्रा, भरते. शर्यती, वाळूची शिल्पं, गाण्यांचा कार्यक्रम. त्या दिवसांत हार्बरमध्ये तीनशेच्या वर बोटी असतात.

तर कंटाळा येत नाही. एकटेपणा येतो कधीतरी, विशेषतः गुढीपाडव्याला. मग बोटहुकाच्या दांड्याला खण आणि तांब्या बांधून गुढी उभारतो आणि ती काय आहे हे विचारायला दिवसभरात दहा डिंग्या येतात.

शंख फुंकण्याचं ते काय आहे?

सूर्य पाण्याला टेकला की एका बोटीवरून शंखाचा आवाज येतो. मग दुसऱ्या, मग दहाव्या. बहामातल्या क्रूझर मंडळींची ही जुनी रीत आहे. शंख तिथला, राणी शंख म्हणतात तो, ओठ आतून गुलाबी आणि बाहेर पसरलेला. आपल्या देवघरातला शंख वेगळ्या जातीचा, पण फुंकायची तऱ्हा एकच: टोक कापून भोक करायचं आणि ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा थरथरवत सोडायची.

माझ्यासाठी त्याच शाळामास्तरांनी शंखाचं टोक हॅकसॉने कापलं आणि कडा कानशीने घासून दिली. मी आठ दिवस नुसती हवा फुंकत होते. नवव्या दिवशी आवाज निघाला, लांबलचक आणि खोल, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा आरतीच्या आधी शंख वाजवायचे. आम्हा मुलींना तो कधी हातात मिळाला नाही. आता रोज दिवेलागणीला माझा शंख एलिझाबेथ हार्बरमध्ये वाजतो आणि पलीकडून उत्तर येतं.

एक विनंती. तिथे हाच प्राणी खातात. लिंबू, कांदा, टोमॅटो, मिरची घालून केलेली त्याची कोशिंबीर बहामाची शान आहे. पण तो आता पूर्वीइतका राहिलेला नाही. ओठ पूर्ण पसरला नसेल तर ते पिल्लू आहे, त्याला हात लावू नका. फुंकायला शंख हवा तर गावात कोशिंबिरीच्या टपरीमागे रिकाम्यांचा ढीग असतो, तिथून मागा.

खाण्यापिण्याचं कसं? शाकाहारी माणूस राहू शकतो का?

आरामात. कोरडा शिधा फ्लोरिडातून भरून घ्यायचा, कारण बेटांवर जवळजवळ सगळं जहाजाने येतं आणि महाग असतं. ताजी भाजी मालवाहू बोट येईल त्या दिवशी. कोबी, कांदा, बटाटा, लाल भोपळा आठवडेच्या आठवडे टिकतात. मेतकूट, भाजणी, कोकम, पोहे हे आमच्या बोटीचं धन आहे. पोह्यांना भिजवायला लागतं तेवढंच पाणी आणि गॅस पाच मिनिटं. प्रेशर कुकर तर परदेशी क्रूझरसुद्धा बाळगतात. गॅस वाचतो आणि बोट हलली तरी झाकण घट्ट असतं.

बहामाच्या घराघरात ‘पीज अँड राइस’ शिजतो. त्यातले दाणे म्हणजे आपली तूर! मूळची आपल्याकडची ही डाळ आफ्रिकेवरून या बेटांपर्यंत गेली. किनाऱ्यावर सगळे आपापला पदार्थ आणतात तेव्हा मी एकदा आमटी नेली. गावातल्या एका आजींनी चव घेतली, पुन्हा वाढून घेतली आणि विचारलं, आमचे दाणे तुम्ही दोन भाग करून का शिजवता? त्यांनी बदल्यात नारळाचा ब्रेड दिला. चुलीची ही ओळख पुढे तीन वर्षं टिकली.

पाणी, वीज, इंटरनेट, संडास?

पाणी काटकसरीने. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून गोड्या पाण्याचा शेवटचा हात. काही बोटींवर खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असतं, आमच्याकडे नाही, आम्ही कॅन भरून आणतो. जॉर्ज टाउनला त्यासाठी डिंगीने रस्त्याखालच्या अरुंद बोगद्यातून लेक व्हिक्टोरिया या गावातल्या तळ्यात शिरावं लागतं. एका वेळी एकच डिंगी मावते आणि ओहोटीला पाणी अंगावर धावून येतं, म्हणून आधी कानोसा घ्यायचा. आत दुकानामागे धक्का आहे, तिथे नळ. (डिंगी हा शब्द इंग्रजीत हिंदी-बंगालीतून गेला, हे मी तिथे सगळ्यांना सांगून झालं आहे.)

वीज सौर पॅनेलची. इंटरनेट स्थानिक सिमकार्डावर किंवा हल्ली बऱ्याच बोटींवर उपग्रहावरून चालणारं स्टारलिंक. संडासाची टाकी असते, ती बंदरात मोकळी करायची नाही, करूच नये. ज्या पाण्यात शेजाऱ्याची मुलं पोहतात ते पाणी आपलं आहे असं मानून वागायचं.

पोहता आलंच पाहिजे का? शार्क असतात का?

पोहता यावं, हो. शार्क असतात. बोटीखाली दिसतात त्या बहुतेक नर्स शार्क, तळाशी पडून राहणाऱ्या. त्यांना खायला घालू नका, छेडू नका. मला भीती शार्कची कधी वाटली नाही, डिंगीच्या पंख्याची वाटते. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय डिंगी चालवणाऱ्यांना मी आजही ओरडून सांगते.

स्थानिक लोकांना तुमची गर्दी खुपत नाही का?

आपण कसे वागतो त्यावर आहे. हार्बर आपलं नाही, आपण पाहुणे आहोत. दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’, मग काम. हे न करणारा तिथे उद्धट ठरतो आणि ते बरोबरच आहे.

एक्झुमात दर दुसऱ्या माणसाचं आडनाव रोल ऐकू येतं. रोल हे गुलामांचे इंग्रज मालक. सुटकेनंतर त्या लोकांनी तेच आडनाव घेतलं आणि रोलच्या जमिनी त्यांच्या वंशजांकडे सामाईक राहिल्या. रोलव्हिल, रोलटाउन ही गावं आजही आहेत. सुंदर पाण्याचे फोटो काढताना हेही माहीत असावं, असं मला वाटतं.

आणि शक्य असेल तर एप्रिलअखेरपर्यंत थांबा. १९५४ पासून चालत आलेली बहामाच्या लोकांची स्वतःची फॅमिली आयलंड रेगाटा तेव्हा असते. लाकडी बोटी, बहामातच बांधलेल्या. शर्यत सुरू होते ती नांगर टाकलेल्या अवस्थेत, शिडं खाली. बार झाला की सगळे खलाशी एकदम दोर ओढतात, नांगर वर येतो आणि शिडं चढतात. बोट कलू नये म्हणून बाहेर काढलेल्या लांब फळीवर माणसं ओळीने सरकत जातात, थेट पाण्यावर. तीन वर्षं हौसेने नांगर हाताळल्यावर मी ते पाहिलं आणि नांगर उचलणं म्हणजे काय ते कळलं.

मधल्या बेटांवर काय बघावं?

वॉर्डरिक वेल्स हे बेट. ते ज्यात येतं ते एक्झुमा केज लँड अँड सी पार्क १९५८ सालचं, तिथे मासा, शंख, शिंपला काहीही उचलायला बंदी आहे आणि फरक डोळ्यांना दिसतो. तिथे नांगर टाकण्याऐवजी पार्कच्या बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या गोळ्याला, बोट बांधतात. टेकडीवर क्रूझर मंडळी वाहून आलेल्या लाकडावर बोटीचं नाव कोरून ठेवतात, आमचं देवनागरीत आहे. ब्लॅक पॉइंटला कपडे धुवायला थांबा, लाँड्रीतून समोर समुद्र दिसतो. पोहणारी डुकरं बिग मेजरला आहेत, ती एकदा बघितली की पुरे.

स्वतःची बोट नाही. तरी हे अनुभवता येईल का?

येईल. जॉर्ज टाउनजवळ विमानतळ आहे, गावातून पाण्याच्या टॅक्सीने स्टॉकिंग आयलंडला जाता येतं. बोट भाड्याने घेऊन फिरायचं असेल तर आधी शिकून या. मुंबईत आणि गोव्यात शिडाची बोट शिकवणारे क्लब आहेत. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, एक्झुमात एक मीटरच्या आसपास. तिथे शिकलेल्याला इथलं पाणी दयाळू वाटेल. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा येऊ नका.

निघताना वाईट वाटतं का?

वाटतं. शेवटच्या सकाळी रेडिओवर आपल्या बोटीचं नाव निघणाऱ्यांच्या यादीत सांगावं लागतं. आडनावं कुणाला माहीत नसतात, आम्हाला तिथे बोटीच्या नावानेच हाक मारतात. मी इंग्रजीत निरोप घेते आणि शेवटी ‘येतो’ म्हणते. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, त्याचा अर्थ काय. निघताना आम्ही ‘जातो’ म्हणत नाही, एवढं सांगितलं.

गेल्या एप्रिलमध्ये माझं बोलून झालं आणि क्षणभर रेडिओ शांत राहिला. मग पैलतीरावरच्या एका बोटीवरून, नोव्हा स्कोशियाच्या उच्चारात, हळू आणि नीट जुळवलेला शब्द आला: ‘या.’

नवऱ्याने इंजिन सुरू केलं आणि मी साखळी उचलायला पुढे गेले.